व्यापारासाठी विद्यापीठ : फ्रेडरिक लुगार्ड यांचा हाँगकाँगमधला प्रयोग

हाँगकाँग बेटाच्या पश्चिम भागात, डोंगराच्या उतारावर, लाल विटांची आणि घडीव दगडाची एक भव्य इमारत उभी आहे. हाँगकाँग विद्यापीठाची ही मुख्य इमारत. तिच्या उभारणीमागे दोन नावे आहेत. एक तिची कल्पना मांडणारे ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक लुगार्ड यांचे. दुसरे ती बांधण्यासाठी पैसा देणारे मुंबईचे पारशी व्यापारी होरमसजी नवरोजी मोदी यांचे. ज्या साम्राज्याच्या नावाने हे विद्यापीठ उभे राहिले, त्याच्या लंडनमधील सरकारने मात्र या कामी हात फारच आखडता घेतला.

लुगार्ड यांचे नाव आज मुख्यत्वे नायजेरियाच्या इतिहासात घेतले जाते. उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एकत्र जोडणारा प्रशासक, स्थानिक राजांच्या हातून राज्य चालवण्याच्या पद्धतीचा प्रमुख भाष्यकार, अशी त्यांची ख्याती. मधल्या पाच वर्षांतील हाँगकाँगचा मुक्काम त्यांच्या चरित्रात अनेकदा दोन-चार पानांत उरकला जातो. परंतु परक्या देशात आपला व्यापार आणि प्रभाव वाढवण्यासाठी विद्यापीठाचा उपयोग कसा करता येईल, याचा इतका उघड आणि पद्धतशीर विचार त्या काळी फार थोड्या राज्यकर्त्यांनी केला होता. शिक्षणाच्या निमित्ताने देश सोडलेल्या आणि परदेशी विद्यापीठांच्या पदव्यांवर आयुष्य उभारलेल्या आपल्यासारख्या वाचकांना त्या विचाराचा आरंभ आणि शेवट जाणून घेण्याजोगा वाटेल.

मद्रासचा जन्म, आफ्रिकेची वाट

फ्रेडरिक जॉन डेल्ट्री लुगार्ड यांचा जन्म २२ जानेवारी १८५८ रोजी मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज या किल्ल्यात झाला. वडील तेथे लष्करी धर्मोपदेशक होते आणि आई मिशनरी कार्यातून हिंदुस्थानात आलेली होती. ते जन्मले त्याच्या आदल्याच वर्षी उत्तरेत उठाव झाला होता. त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली होती. या विद्यापीठांच्या फलिताविषयीची भीती पुढे लुगार्ड यांनी आयुष्यभर बाळगली.

बालपणीच ते इंग्लंडला गेले. सात वर्षांचे असताना आई वारली. रॉसल येथील शाळा आणि सँडहर्स्टची लष्करी प्रबोधिनी या मार्गाने १८७८ साली ते सैन्यात अधिकारी झाले. अफगाणिस्तान, सुदान आणि ब्रह्मदेश येथील मोहिमांत ते लढले. ब्रह्मदेशातील कामगिरीबद्दल त्यांना शौर्यपदकही मिळाले. मात्र तिशीच्या उंबरठ्यावर एका प्रेमभंगाने ते पार खचले. नोकरीतून रजा घेऊन, जवळजवळ मृत्यूच्या शोधात, ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. न्यासा सरोवराच्या काठी गुलामांचा व्यापार करणाऱ्यांविरुद्धच्या लढाईत १८८८ साली ते गंभीर जखमी झाले. त्या जखमेतून ते बरे झाले तेव्हा त्यांना आयुष्याचे काम सापडले होते.

हे काम व्यापारी कंपन्यांच्या आश्रयाने चालले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. १८९० साली ते इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या वतीने युगांडात गेले, तेथील राजा म्वांगा याच्याकडून करार करून घेतला आणि १८९२ मध्ये मेंगो येथील यादवीत मॅक्सिम मशीनगनच्या बळावर आपल्या बाजूचा जय घडवून आणला. पैशाअभावी कंपनी युगांडा सोडण्याच्या बेतात आली, तेव्हा लुगार्ड इंग्लंडला परतले आणि गावोगाव सभा घेऊन त्यांनी लोकमत वळवले. त्या सभांमध्ये धर्म आणि गुलामगिरीचा नायनाट यांच्या जोडीला बाजारपेठेचा मुद्दा असे. इतर राष्ट्रे आपापल्या बाजारपेठा ब्रिटिश मालाला बंद करीत असताना उद्याचे गिऱ्हाईक आजच राखून ठेवले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पूर्व आफ्रिकेत हिंदी लोकांना आणून वसवावे, अशी सूचनाही त्यांनी आपल्या १८९३ च्या पुस्तकात केली. १८९४ साली युगांडा ब्रिटिश संरक्षणाखाली आले.

पुढे पश्चिम आफ्रिकेत रॉयल नायजर कंपनीसाठी त्यांनी फ्रेंचांशी शर्यत करीत करार मिळवले, वसाहतीचे नवे सैन्य उभारले आणि १९०० साली ते उत्तर नायजेरियाचे उच्चायुक्त झाले. १९०३ मध्ये कानो आणि सोकोतो जिंकून तेथील अमीरांना त्यांनी गादीवर ठेवले, परंतु सत्ता आपल्या हाती घेतली. १९०६ साली सातिरू या गावाचा उठाव चिरडताना झालेला संहार हा त्यांच्या कारकिर्दीवरचा काळा डाग आहे.

१९०२ साली त्यांनी फ्लोरा शॉ यांच्याशी विवाह केला. फ्लोरा शॉ या लंडनच्या टाइम्स वृत्तपत्राच्या वसाहतविषयक संपादक होत्या, आणि नायजेरिया हे नाव प्रचारात आणण्याचे श्रेय त्यांच्याच १८९७ मधील लेखाला दिले जाते. उत्तर नायजेरियाची हवा त्यांना मानवली नाही. वर्षातील निम्मा काळ लंडनमध्ये राहून नायजेरियाचा कारभार पाहण्याची परवानगी लुगार्ड यांनी मागितली. वसाहत खात्याला ती मान्य झाली नाही. अखेर १९०७ च्या उन्हाळ्यात हे दांपत्य हाँगकाँगला आले. प्रचंड भूप्रदेशावर एकहाती हुकमत चालवलेल्या माणसाला एका बंदराची, आखीव नियमांची आणि बोलक्या व्यापाऱ्यांची वसाहत मिळाली.

चिनी विद्यार्थी कोणाच्या शाळेत?

लुगार्ड हाँगकाँगला पोहोचले तेव्हा चीन एका मोठ्या स्थित्यंतरातून जात होता. शेकडो वर्षे सरकारी नोकरीचे दार असलेली शाही परीक्षा १९०५ साली बंद झाली होती. पदवी आणि प्रतिष्ठा मिळवण्यासाठी आता नव्या विद्या शिकणे भाग होते आणि त्या देशात पुरेशा शिकवल्या जात नव्हत्या. रशियाला हरवणाऱ्या जपानकडे हजारो चिनी तरुण धाव घेत होते. जर्मनांनी १९०७ साली शांघायमध्ये वैद्यकीय शाळा काढली. आजचे तोंगजी विद्यापीठ तिच्यातूनच वाढले. अमेरिकन मिशनऱ्यांची महाविद्यालये आधीपासून चालू होती, आणि बॉक्सर बंडानंतर चीनकडून वसूल केलेल्या खंडणीचा काही भाग चिनी विद्यार्थ्यांच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी परत करण्याचे अमेरिकेने १९०८ साली ठरवले. बीजिंगचे च्छिंगह्वा विद्यापीठ हे त्याच निधीचे अपत्य.

चीनच्या परदेशी व्यापारात ब्रिटनचा वाटा मोठा होता. परंतु चिनी तरुणांच्या शिक्षणात त्याचे स्थान घसरत चालले होते. लुगार्ड यांना त्यात भविष्यातील तोटा दिसला. ज्या देशात विद्यार्थी शिकतो, त्या देशाची भाषा, यंत्रे, पाठ्यपुस्तके आणि सवयी घेऊन तो परततो. उद्या तो रेल्वेचा अभियंता झाला तर ज्या बनावटीच्या इंजिनावर हात बसला तेच मागवेल. सरकारी अधिकारी झाला तर ज्यांची भाषा येते त्यांच्याशी करार करील. म्हणून चीनच्या दारातच, ब्रिटिश भूमीवर, इंग्रजी माध्यमाचे एक विद्यापीठ असावे, असे त्यांनी मनाशी ठरवले. १९०८ च्या जानेवारीत सेंट स्टीफन्स कॉलेजच्या समारंभात त्यांनी ही कल्पना जाहीरपणे मांडली.

ही कल्पना अगदी हवेतली नव्हती. हाँगकाँगमध्ये १८८७ पासून चिनी विद्यार्थ्यांसाठी एक वैद्यक महाविद्यालय चालू होते, आणि एक तांत्रिक शिक्षणसंस्थाही नुकतीच सुरू झाली होती. या संस्थांना विद्यापीठाच्या छत्राखाली आणणे शक्य होते. अडचण एकच होती: पैसा कोण देणार?

मुंबईकराची थैली

लंडनचे वसाहत खाते साशंक होते. एवढ्याशा बेटाला विद्यापीठ कशाला, हा त्यांचा सूर होता. हाँगकाँगच्या तिजोरीचीही परिस्थिती बेताची होती. वसाहतीच्या महसुलाचा मोठा वाटा अफूच्या मक्त्यातून येत असे, आणि १९०८ मध्येच लंडनने अफू ओढण्याचे अड्डे बंद करण्याचा हुकूम धाडला होता. बडे ब्रिटिश व्यापारी हात राखून होते. त्यांना चीनशी व्यापार हवा होता, पण चिनी पदवीधर हवेत की नाही, याविषयी त्यांचा निश्चय झालेला नव्हता.

अशा वेळी पुढे आले होरमसजी मोदी. त्यांचा जन्म १८३८ सालचा, मुंबईचा. विशीच्या सुमारास ते हाँगकाँगला आले आणि अफूच्या व्यापाराशी निगडित पेढीत त्यांनी कामाला सुरुवात केली. मग कलकत्त्याहून आलेले आर्मेनियन व्यापारी पॉल चॅटर यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली. समभागांची दलाली, जमिनी, बंदराच्या गोद्या, समुद्र हटवून तयार केलेला किनारा अशा अनेक उद्योगांत या जोडीने हात घातला. कौलूनच्या वाढीत दोघांचा वाटा मोठा होता; तेथील मोदी रोड आजही त्यांचे नाव सांगतो.

मोदी यांनी इमारतीसाठी १,५०,००० डॉलर आणि जोडीला निधीसाठी ३०,००० डॉलर देऊ केले. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला, तेव्हा वाढीव भारही त्यांनी उचलला. विद्यापीठाचा कारभार पेलता येईल इतका कायम निधी जमल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, असा सावध पवित्रा लुगार्ड यांनी घेतला होता. सत्तरीत पोहोचलेल्या मोदी यांना मात्र विलंब परवडणारा नव्हता. त्यांच्या देणगीने कल्पनेला बळ आले, आणि त्यांच्या घाईने तिला वेग दिला.

मोदी ज्या शहरातून आले त्या मुंबईला हा प्रकार नवा नव्हता. चीनच्या व्यापारात कमावलेल्या संपत्तीतून सर जमशेटजी जिजीभाई यांनी तेथे रुग्णालय आणि कलाशाळा उभी करण्यास हातभार लावला होता. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला. पदवीदान सभागृहाला कावसजी जहांगीर यांचे नाव आहे. सरकारने सनद द्यायची आणि व्यापाऱ्याने इमारत बांधून द्यायची, ही मुंबईची रीतच होती. मोदी यांनी तीच रीत दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर नेली, असे म्हणता येईल.

देणाऱ्यांचे हिशेब

इमारतीची सोय झाली. प्राध्यापकांच्या पगाराची व्हायची होती. त्यासाठी लुगार्ड यांनी चिकाटीने मोहीम चालवली. फ्लोरा शॉ यांनी आपली लेखणी आणि लंडनमधील ओळखी कामाला लावल्या. डॉक्टर आणि बॅरिस्टर असलेले हाँगकाँगचे सर काई हो काई यांनी चिनी समाजात निधी जमवण्यासाठी पुढाकार घेतला. दक्षिण चीनमधून आणि आग्नेय आशियातील चिनी व्यापाऱ्यांकडून देणग्या आल्या. ग्वांगतुंग आणि ग्वांगशी या प्रांतांचे चिनी राजप्रतिनिधी झांग रेनजुन यांनी २,००,००० डॉलर दिले. आपल्या प्रांतांतील तरुणांना जपानला न जाता घराजवळ अभियांत्रिकी आणि वैद्यक शिकता यावे, हा त्यात त्यांचा सरळ लाभ होता.

सर्वांत बोलकी देणगी स्वायर उद्योगसमूहाची. १९०८ च्या अखेरीस त्यांच्या फात्शान या जहाजावर एका चिनी प्रवाशाचा मृत्यू झाला. जहाजावरील पोर्तुगीज तिकीट तपासनिसाने त्याला लाथ मारली, असा आरोप झाला. कँटनमध्ये संताप उसळला आणि कंपनीच्या जहाजांवर बहिष्कार पडला. त्यानंतर काही महिन्यांतच स्वायर समूहाने विद्यापीठाला ४०,००० पौंड देऊ केले. या देणगीतून अभियांत्रिकीचे अध्यासन उभे राहिले. कंपनीची नवी मोठी गोदी हाँगकाँगमध्येच होती आणि तिला प्रशिक्षित माणसे हवी होती. दुखावलेल्या गिऱ्हाइकांची समजूत आणि उद्याच्या अभियंत्यांची सोय, असे दोन हेतू एका धनादेशात साधले. विद्यापीठ व्यापाराला उपयोगी पडेल, हे लुगार्ड यांचे म्हणणे व्यापाऱ्यांना पटले ते असे, बहिष्काराचा चटका बसल्यावर.

आणि ब्रिटिश सरकार? त्याने शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला ३०० पौंड मंजूर केले. साम्राज्याच्या प्रभावासाठी उभारलेल्या संस्थेला साम्राज्याच्या खजिन्यातून मिळालेला हा आहेर. प्रभाव हवा होता, पण त्याचा खर्च मोदी यांच्यासारख्या परक्या वंशाच्या प्रजाजनाने, चिनी व्यापाऱ्यांनी आणि चीनच्या बादशहाच्या अधिकाऱ्याने करावा, अशी ही व्यवस्था होती.

१६ मार्च १९१० रोजी कोनशिला बसली. त्याच प्रसंगी मोदी यांना सर हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये विद्यापीठाचा कायदा झाला. जून १९११ मध्ये मोदी यांचे निधन झाले. ज्या इमारतीवर त्यांनी एवढा पैसा ओतला, तिचे उद्घाटन पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. हाँगकाँगच्या पारशी दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

हिंदुस्थानची धास्ती

विद्यापीठात काय शिकवायचे आणि काय शिकवायचे नाही, याचा निर्णय करताना लुगार्ड यांच्या नजरेसमोर सतत हिंदुस्थान होता. ते ही योजना आखत होते ती वर्षे बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनाची होती. स्वदेशी आणि बहिष्कार यांची लाट उसळली होती. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला. टिळक हे मुंबई विद्यापीठाचेच पदवीधर. इंग्रजी साहित्य, कायदा आणि राज्यशास्त्र शिकलेला हिंदी पदवीधर नोकरी न मिळाल्याने किंवा स्वाभिमान दुखावल्याने राज्यकर्त्यांवर उलटतो, असे निदान त्या काळच्या अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केले होते. लुगार्ड त्यांच्यापैकीच एक होते.

म्हणून हाँगकाँगमध्ये भर देण्यात आला तो वैद्यक आणि अभियांत्रिकीवर. कलाशाखा १९१३ मध्ये, नंतर सुरू झाली. विद्यार्थ्यांनी वसतिगृहात शिस्तीखाली राहावे, चारित्र्य घडवण्याकडे लक्ष द्यावे, असा आग्रह होता. माध्यम इंग्रजीच राहिले. प्रवेशात वंशाचा भेद नव्हता आणि धर्मशिक्षणाची सक्तीही नव्हती. मिशनरी प्रचाराचा वास आला तर चिनी कुटुंबे मुले पाठवणार नाहीत, हे लुगार्ड ओळखून होते.

या उदारपणाला आजूबाजूच्या वास्तवाची एक कड होती. १९०४ च्या कायद्याने हाँगकाँगच्या पीक या उंच भागात चिनी लोकांना घर करण्यास मज्जाव होता. विद्यापीठाच्या वर्गात इंग्रज प्राध्यापकासमोर बसून बरोबरीने शरीरशास्त्र शिकणारा चिनी तरुण पदवी घेतल्यावरही त्या डोंगरमाथ्यावर राहू शकत नव्हता. आज याच पीकभोवती फिरणाऱ्या रस्त्याला लुगार्ड यांचे नाव आहे.

पाया सरकतो

ज्या चिनी साम्राज्याशी संबंध दृढ करण्यासाठी विद्यापीठ उभारले जात होते, ते साम्राज्य इमारत पूर्ण होईपर्यंत टिकले नाही. ऑक्टोबर १९११ मध्ये वूचांग येथे उठाव झाला. १ जानेवारी १९१२ रोजी सन यत-सेन यांनी प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्षपद स्वीकारले, आणि १२ फेब्रुवारीला बाल सम्राटाने सिंहासन सोडले. विद्यापीठाचे औपचारिक उद्घाटन झाले ११ मार्च १९१२ रोजी.

सन यत-सेन होते हाँगकाँगच्याच वैद्यक महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे, १८९२ सालचे पदवीधर. हेच महाविद्यालय आता नव्या विद्यापीठाची वैद्यक शाखा झाले होते. साहित्य आणि कायदा शिकवला तर क्रांतिकारक निपजतील, वैद्यक शिकवले तर उपयुक्त नागरिक घडतील, या लुगार्ड यांच्या समीकरणाला इतके थेट उत्तर क्वचितच मिळाले असेल. १९२३ च्या फेब्रुवारीत सन यत-सेन विद्यापीठात आले, तेव्हा आपल्याला क्रांतीचे विचार हाँगकाँगमध्येच मिळाले, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले. या बंदराचा नेटका कारभार पाहायचा आणि मग आपल्या गावाची दुरवस्था आठवायची, या तुलनेने त्यांना अस्वस्थ केले होते. ब्रिटिश प्रभाव पडला होता, यात शंका नाही. मात्र त्यातून काय घ्यायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले होते.

उद्घाटनानंतर काही दिवसांतच लुगार्ड यांनी हाँगकाँग सोडले. विद्यापीठाची सूत्रे पहिले कुलगुरू सर चार्ल्स एलियट यांच्याकडे होती. हिंदू आणि बौद्ध धर्मांवरील त्यांचा त्रिखंडी ग्रंथ पुढे विद्वन्मान्य ठरला. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांची संख्या शंभराच्या आत होती, आणि पहिला पदवीदान समारंभ १९१६ मध्ये झाला. चीनच्या अंतर्भागातून विद्यार्थ्यांचा ओघ येईल, ही अपेक्षा मर्यादितच पुरी झाली. पुष्कळसे विद्यार्थी हाँगकाँगचे आणि मलायातील चिनी कुटुंबांतले होते. पहिल्या महायुद्धानंतर संस्था दिवाळखोरीच्या काठावर आली. सरकारला मदत करावी लागली, आणि वैद्यक शाखेतील अध्यासनांसाठी रॉकफेलर फाउंडेशनने निधी दिला. ज्या अमेरिकेच्या शैक्षणिक स्पर्धेला शह देण्याचा एक उद्देश विद्यापीठामागे होता, त्याच अमेरिकेच्या पैशाने त्याला सावरले.

दुहेरी लाभाचा सिद्धांत

लुगार्ड नायजेरियात परतले. १ जानेवारी १९१४ रोजी उत्तर आणि दक्षिण नायजेरियाचे एकत्रीकरण झाले आणि ते तेथील गव्हर्नर जनरल झाले. लागोसचे वकील, संपादक आणि सुशिक्षित मंडळी यांच्याशी त्यांचे सतत खटके उडत. शिकलेल्या आफ्रिकनापेक्षा परंपरागत अमीर त्यांना जवळचा वाटे. हिंदुस्थानविषयीची जुनी धास्ती हाँगकाँगमार्गे लागोसला पोहोचली होती. उत्तर भागात मिशनरी शाळांना त्यांनी फारसा वाव दिला नाही. उत्तर आणि दक्षिण यांच्यातील शिक्षणाची दरी पुढे स्वतंत्र नायजेरियाच्या राजकारणात कटुतेचे कारण ठरली.

निवृत्तीनंतर १९२२ मध्ये त्यांचा आफ्रिकेतील ब्रिटिश राज्यकारभारावरचा प्रसिद्ध ग्रंथ आला. त्याचा गाभा दुहेरी जबाबदारीचा आहे: वसाहतीची साधनसंपत्ती जगाच्या उद्योगांना खुली करायची आणि त्याच वेळी तेथील लोकांची प्रगती साधायची, दोन्ही बाजूंना लाभ होतो, म्हणून हे राज्य न्याय्य. हाच हिशेब चौदा वर्षांपूर्वी त्यांनी हाँगकाँगच्या विद्यापीठासाठी मांडला होता. चिनी तरुणाला विद्या मिळेल, ब्रिटिश कारखान्याला मागणी मिळेल. दोन लाभांपैकी कोणता आधी मोजायचा आणि मोजणारा कोण, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी त्यांनी ब्रिटिशांच्या हातीच ठेवला.

राष्ट्रसंघाच्या कायमस्वरूपी मॅन्डेट आयोगावर ते १९३६ पर्यंत होते. १९२८ साली त्यांना लॉर्ड हे पद मिळाले. पुढच्या जानेवारीत फ्लोरा शॉ यांचे निधन झाले. अपत्य नव्हते. सरे परगण्यातील अॅबिंजर येथील घरी लुगार्ड यांनी उरलेली वर्षे लेखन-वाचनात आणि आफ्रिकेच्या प्रश्नांवरील पत्रव्यवहारात घालवली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हाँगकाँग घेतले. विद्यापीठ बंद पडले. इमारतींची लूट झाली. मुख्य इमारतीच्या छपराचे लाकूडही लोकांनी काढून नेले. अनेक विद्यार्थ्यांनी सीमा ओलांडून चीनमध्ये आसरा घेतला, आणि तेथील विद्यापीठांनी त्यांना सामावून घेतले, त्यामुळे कित्येकांचे शिक्षण पुरे झाले. ११ एप्रिल १९४५ रोजी लुगार्ड वारले, तेव्हा हाँगकाँग अजून जपानच्याच ताब्यात होते आणि त्यांचे विद्यापीठ छपराविना उभे होते.

युद्धानंतर ते पुन्हा सुरू झाले. ब्रिटिश साम्राज्य मावळले, १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेले. विद्यापीठ आपल्या जुन्याच नावाने आणि मुख्यतः इंग्रजी माध्यमात चालू राहिले. लुगार्ड यांनी मनात धरलेला व्यापारी लाभ ब्रिटनला किती मिळाला, याचा ताळेबंद मांडणे अवघड आहे. हाँगकाँगला, चीनला आणि मलायाला मिळालेले डॉक्टर, अभियंते आणि शिक्षक मात्र मोजता येतात.

आजही देश परक्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या ठेवतात, परदेशांत आपल्या विद्यापीठांच्या शाखा उघडतात, आणि त्यामागचा हेतू लपवतही नाहीत. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण अशाच कुणाच्या तरी हिशेबातून झाले आहे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. लुगार्ड यांच्या चरित्रातून एवढे दिसते की विद्यापीठ काढणाऱ्याचा हेतू फार तर कोनशिलेपर्यंत पुरतो. वर्गाचे दार उघडले की त्या विद्येचे काय करायचे, याचा निर्णय शिकणाऱ्याकडे जातो, आणि तो त्याच्याकडून परत घेण्याची युक्ती कोणत्याही साम्राज्याला अजून सापडलेली नाही.